ताटलीतलं आभाळ

"आभाळ आलं!" असं सर म्हणायचे आणि विहिरीवरच्या सगळ्या बायका माना वर करायच्या. दुष्काळात आमच्या बीडकडे हे दोन शब्द उगाच उच्चारायचे नसतात. वर नेहमीचंच पांढरं, कोरडं ऊन असायचं. हे गृहस्थ मात्र मान खाली घालून एका स्टीलच्या ताटलीत बघत बसलेले.

"सर, लई थट्टा करता तुमी," गोदामावशी म्हणायच्या. "मी कुरडया काढाया पळणार व्हते."

"वर कुठं बघता मावशी? हितं बघा."

ताटलीत पाणी असायचं आणि त्यावर ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलचा काळा पापुद्रा. सर मधोमध बाटलीतल्या फेसाळ पाण्याचा एक थेंब सोडायचे. कुणी मागून हाक मारावी तसं ऑइल दचकून कडेला सरायचं आणि मध्ये स्वच्छ गोल उघडायचा. तेवढ्या गोलात खरोखर आभाळ उतरलेलं असायचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा राग क्षणभर विसरलो होतो. हे त्या वेळी मी कबूल केलं नसतं.

राग होता, कारण सर सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतले. कारखान्याचा म्हणजे संचालकांचा, असा माझा साधा हिशेब होता. आमच्या घरात संचालकांविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. तुमच्याही गावात असा एखादा बिनबोभाट काम करणारा माणूस असेल. नीट बघा. मी बघितलं नव्हतं.

आमची एकच विहीर. टँकर यायचा, तिच्यात पाणी ओतायचा, मग बायका शेंदायच्या. विहिरीला लागून एक बंद पडलेलं गॅरेज होतं. तिथली जमीन वर्षानुवर्षं जळकं ऑइल पिऊन काळी झाली होती. सांडलेलं पाणी त्या मातीतून झिरपून परत विहिरीत उतरायचं आणि पाण्यावर रंगीत तवंग धरायचा. भाकरीला ऑइलचा वास यायचा. सर त्याच विहिरीचं पाणी प्यायचे.

त्या वर्षी ऊस नव्हता, म्हणून तपासायला रसही नव्हता. रिकाम्या प्रयोगशाळेत सरांनी गॅरेजच्या मातीतलेच सूक्ष्मजीव गेल्या हंगामातल्या उसाच्या मळीवर वाढवले. "ऑइलचा घास त्यांना मोठा पडतो," ते सांगायचे. "म्हणून ते एक लाळ सोडतात. साबणासारखी. तिनं ऑइल बारीक होतं, मग ते खातात."

"माती खणून लांब टाकून द्या की," मी एकदा म्हणालो.

"लांब म्हणजे कुणाच्या दारात?" त्यांनी विचारलं.

काळी माती खणून त्यांनी विहिरीपासून दूर, प्लास्टिक अंथरून तिचे वाफे केले. मळीवरचं ते फेसाळ पाणी शिंपायचे, भांडी धुतलेलं पाणी बायकांकडून मागून घ्यायचे, आणि फावड्याने माती वरखाली करायचे. कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, "जंतू सोडलेत."

त्या एका शब्दाने घात केला. मी पत्रक काढलं: 'माणसं तहानलेली, आणि कारखान्याचा माणूस मातीला जंतू पाजतो!' माझे मित्र म्हणाले, "छापून काय व्हतंय बे? जंतूच मारून टाकू." विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर ग्रामपंचायतीत पोत्याने पडून होती. भर दुपारी आम्ही ती वाफ्यांवर पसरली, वरून पाणी मारलं. फेस बसला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सर आले. चिमूटभर माती उचलून त्यांनी वास घेतला. मग वाफ्यातलं पाणी एका बाटलीत भरलं, हलवलं आणि बाटली कानाला लावली. ही त्यांची सवयच होती. फेस फुटताना बारीक आवाज येतो, तो ते ऐकायचे. या वेळी बाटलीत फेसच नव्हता.

"पत्रक तुमचं?"

"हो."

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "जंतू हा शब्द माझा. तो चुकला."

मी भांडणाच्या तयारीत होतो. भांडण झालंच नाही.

तेवढ्यात गोदामावशी आल्या. पांढरे पडलेले वाफे बघून माझ्यावर कडाडल्या, "कावून मारलं रे? इरजण व्हतं त्ये!"

सर एकदम हसले. "बघा, हा शब्द पाहिजे होता."

प्रयोगशाळेची वीज सारखी जायची, म्हणून एक बाटली त्यांनी मावशींच्या चुलीजवळ ऊब म्हणून ठेवली होती. मावशी तिला रोज चमचाभर मळी घालायच्या. विरजण शाबूत होतं.

पावडरचा वास जाईपर्यंत माती उन्हात पसरून ठेवली. मग पुन्हा पहिल्यापासून. या वेळी फावडं माझ्या हातात होतं. दुसरं पत्रकही काढलं. चूक पहिल्याइतक्याच ठळक अक्षरांत छापली. संध्याकाळी सर बाटली माझ्या कानाला लावायचे. "ऐका. जेवतायत." आत दूरवर कुठेतरी हलक्या पावलांनी माणसं चालत असावीत, तसा आवाज. भोवती सगळं शिवार उजाड, आणि आम्ही दोघं डोळे मिटून ऐकत बसलेलो.

उसाचं गाळप सुरू होण्याची आशा संपली तशी प्रयोगशाळाही बंद झाली. माती अजून तयार व्हायची होती. एस.टी.त चढताना सरांनी ताटली माझ्या हातात दिली. "रोज वास घ्या. ज्या दिवशी मातीला मातीचा वास येईल, त्या दिवशी ती खड्ड्यात परत भरा." नंतर त्यांचा पत्ता लागला नाही. मी पुष्कळ विचारलं.

एके सकाळी तो वास आला. मी मावशींना बोलावलं. त्यांनी ढेकूळ हातात चुरलं, हुंगलं आणि पदर खोचून फावडं उचललं. दिवसभर आम्ही ती माती गॅरेजच्या खड्ड्यात भरत होतो.

मग टँकर आला. नेहमीसारखं पाणी सांडलं, झिरपलं. आम्ही सगळे कठड्याशी थांबलो. पाणी हलत होतं तोवर काहीच कळेना. हळूहळू ते निवळलं. मावशी वाकल्या.

"आभाळ आलं," त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवशी कुणीही वर बघितलं नाही.