चाळीस मीटर खालून मला वर आणणारा हरेश

हरेशचे पाय माझ्यामुळे गेले.

काल हरेशही गेला.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत डायव्हर होतो. तो जवळच्याच दिवाळे गावचा, कोळ्याचा मुलगा. मी साताऱ्याकडचा, विहिरीत पोहायला शिकलेला. समुद्राची भीती त्यानेच घालवली माझी.

कोकण किनाऱ्यापासून बरंच आत एक मालवाहू जहाज बुडालेलं होतं. चाळीस मीटर खाली. त्याचे फोटो काढायचं काम होतं.

हरेश आधी एकदा जाऊन आला होता. बोटीवर म्हणाला, "माशांची सोसायटी हाय ती. बगशील तू."

खरंच होतं. लोखंड दिसतच नव्हतं. सगळीकडे चिकटलेली कालवं-शिंपले, आणि केबिनच्या खिडक्यांतून आत-बाहेर करणारे मासे.

नियम एकच. जहाजाच्या आत जायचं नाही.

मी गेलो.

एक भलामोठा मासा आत वळला, त्याच्या मागे. एवढ्या खोलवर श्वासातल्या हवेनेच दारू प्यायल्यासारखं होतं, हे खरं. पण मला तो फोटो हवा होता, हे जास्त खरं.

आत गाळ उठला. दार सापडेना. सिलिंडरमधली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा लालमध्ये.

मग कुणीतरी माझा पाय धरून मला बाहेर ओढलं.

हरेश होता. दोघं त्याच्या एका सिलिंडरवर वर निघालो. एक श्वास त्याचा, एक माझा.

तेवढ्या खोलवरून सरळ वर येता येत नाही. वाटेत बोटीचा दोर धरून थांबावं लागतं, रक्तातला गॅस निघून जाईपर्यंत. नाहीतर माणूस लुळा पडतो.

आम्ही थांबलो तेव्हा हवा एकापुरतीच उरली होती.

हरेशने स्वतःचा सिलिंडर उतरवून माझ्या मिठीत दिला. हाताने खूण केली, थांब. आणि सरळ वर गेला.

थोड्या वेळाने दोरीला बांधलेला दुसरा सिलिंडर खाली आला. तो त्यानेच सोडायला लावला होता. मी वर पोचलो तेव्हा त्याला कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं.

ऑफिसात चौकशी झाली.

मी म्हणालो, "माझं गेज बिघडलं होतं, सर. आत? नाही सर, आत गेलोच नाही."

गेज तपासायचं काम हरेशचं होतं.

सगळा ठपका त्याच्यावर आला. तो हॉस्पिटलमधून एक शब्द बोलला नाही.

मी नोकरी सोडली. खांदेश्वरला राहायला गेलो. तिथून दिवाळं असं किती लांब? पण इतक्या वर्षांत एकदाही गेलो नाही. नवे मित्र झाले, लग्न झालं. हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. घर भरलेलं असायचं आणि मी आपला एकटाच.

आज गेलो. दारात त्याची बायको, वनिता वहिनी बसल्या होत्या.

"वहिनी, गेज बिघडलं नव्हतं. मी आत गेलो होतो."

"मना माहीत हाय," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीच सांगितलेलं त्यांनी."

"मग त्याने ऑफिसात का नाही सांगितलं?"

"ते बोलायचे, तो सोताच येल सांगायला. लय वर्षं बोलायचे."

उठत म्हणाल्या, "मग बोलायचं सोडलं."

हरेश, मी उशिरा आलो.

भरल्या मनाने निरोप, दोस्ता.