ताईचे दगड भरावात जाणार नाहीत

ताई गेल्याचा हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी गावी कासूला, खाडीच्या बांधावर होते. महिना उलटला, तरी रोह्याला निघताना तिच्यासाठी सुके बोंबील बांधायला हात जातो... आणि मग माझाच मला राग येतो.

मालनताई माझी थोरली बहीण. रोह्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. आपला काळा दगड लाव्हाचा, त्यात समुद्रातल्या जिवांच्या खुणा कुठून मिळणार? म्हणून ती कच्छला जायची, प्राचीन बिळं असलेले दगड आणायची आणि ते समजून घ्यायला आमच्या खाडीवर यायची. ओहोटीला खेकड्यांच्या बिळांत प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की खणून काढायचं. जिवंत प्राणी बीळ कसं करतो ते कळलं की दगडातला काय करत होता तेही कळतं, म्हणायची. गाव हसायचं. हसेना का!

आमच्याकडे बांधात भोक दिसलं की टाचेनं बुजवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. खारं पाणी भातात शिरलं तर पीक गेलंच. एकदा अप्पांनी, आमच्या वडिलांनी, तिनं हेरून ठेवलेली सगळी बिळं सवयीनं बुजवून टाकली. मला वाटलं, आता भांडण. पण ती तिथंच बसून राहिली आणि खेकडे माती सारून वर यायला लागले तशी हरखली. "बघ गो, वरून कोंबलं म्हणून कोण खाली बसत नाय."

आणि तिचाच मुलगा नरेश तेराव्याला म्हणतो, रोह्याजवळचं आईचं वरसेचं घर पाडून नवं बांधतोय, हे दगड जोत्याच्या भरावात घालू. त्यात ना हाड, ना शिंपला, नुसती भोकं! माझं डोकंच फिरलं. कॉलेजातून दगड भरून दारात आलेल्या टेम्पोत चढून बसले, म्हटलं आधी मला उचल.

मग त्याला सगळ्यात मोठा दगड दाखवला. ताई सांगायची, समुद्रातल्या वादळात अंगावर वाळूचा ढीग पडला आणि खालचा जीव वर चढत गेला. त्याच्या वाटेवरचे थर दोन्ही बाजूंनी वाकलेत. जीव कसा दिसायचा, कुणाला ठाऊक नाही. पण चढला, एवढं नक्की. नरेशनं बोट फिरवत नेलं. वाट मध्येच संपली.

"मावशी, हा तर पोचलाच नाय."

"नाय पोचला. तुझी आई तरी कुठं पोचली? पण नळ्या लावलेल्या असताना रोज उठून बसायची, ते तू बघितलंयस ना?"

त्यानं टेम्पो कासूला आणला आणि दगड एकेक करून स्वतः उतरवले. आता ते माझ्या ओटीवर आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होते. होऊ दे. मी सांगते, वळसा घालून जा.