एक काना

बावीस वर्षं पवनचक्क्यांच्या पोटातल्या शिड्या चढून पंखेवाले मामांचे गुडघे कामातून गेले होते, पण बाराही चक्क्या ठणठणीत होत्या. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, हे त्यांना खाली उभं राहून नुसतं ऐकून कळे. अशा माणसाच्या हातात साहेबांनी नोटीस ठेवली : महिन्यात सतरा बिघाड, देखभालीचं काम काढून का घेऊ नये?

"सतरा?" मामांचा आवाज चढला. "एक तरी दाखवा!"

साहेबांनी नोंदवही पुढे सरकवली. सतरा वेळा लिहिलं होतं, चक्की बंद पडली.

ऑपरेटरबाईंनी मान खाली घातली. "फोनवर सांगतात तसं लिहिते, मामा."

फोन येई वीजवाटपाच्या कचेरीतून. वारा जोरात सुटला की तारांत वीज मावेना. कोळशाच्या वीजकेंद्रातली भट्टी विझवून पुन्हा पेटवणं खर्चाचं. मग फुकटचा वारा थांबवा, असा हुकूम सुटे. हुकमाने थांबवली तर कचेरीने भरपाई द्यायची. बिघडली म्हटलं की काहीच नाही.

"पडली नाही साहेब, पाडली!" मामांनी टेबलावर हात आपटला.

"अहो, एका कान्याने काय बिघडतंय? त्यांच्याशी वाकडं घेतलं तर आपला वीजविक्रीचा पुढचा करार विसरा."

"माझं नाव बिघडतंय! काल बायको म्हणाली, चक्क्या सारख्या थांबलेल्या दिसतात, हात थकले का हो? बावीस वर्षांत पहिल्यांदा!"

तेवढ्यात फोन वाजला. बाहेर वारा खिडक्या खडखडवत होता. बाईंनी स्पीकर लावला.

"बाराही पाडा," पलीकडून आवाज आला. "नोंद नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे, पडल्या?"

"हो, हो."

"पण तुम्ही तर पाडा म्हणालात. मी सांगतात तसंच लिहिते. नाव काय तुमचं?"

पलीकडे फोन आपटला.

बाईंनी बटणं दाबली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, चक्क्या हुकमाने बंद पाडल्या. शेजारी वेळ घातली. मामांनी साहेबांच्या खिशातलं लाल पेन उपसलं आणि मागच्या सतराही ओळींत कागद फाटेल इतक्या जोराने एकेक काना ओढला, प्रत्येकापुढे सही ठोकली.

साहेबांनी नोटिशीची घडी करून ती खिशात सारली. "जाऊ द्या मामा, झालं ते झालं."

मामा खिडकीशी गेले. भर वाऱ्यात एकेक चक्की थांबत होती.

"नोटीस खिशात जाते साहेब," ते कडाडले, "हा वारा कुठल्या खिशात घालणार?"