दुसरी मोट

लोक म्हणतात, सोनाजी येडा झाला. म्हणू द्या, त्यांच्या जिभेला हाड न्हाई. सोनाजी माझा धाकटा दीर. मी लगीन होऊन हट्ट्याला आले तवा नाकातला शेंबूड पुसता न येणारं पोरगं व्हतं ते. माझ्या हातची भाकर खाऊन वाढला. बोलण्यात असा पटाईत की आलेला पाव्हणा उठून जायचं इसरायचा.

आमच्या विहिरीवर दोन मोटा. एक सोनाजीची, दुसरी मालकाची, म्हंजी माझ्या नवऱ्याची. एकाची वर आली की दुसऱ्याची खाली, पाटाचं पाणी कदी तुटायचं न्हाई. सोनाजी गायचा, "भरली रं दादा, भरली!" मालक तिकडून म्हणायचे, "येऊ दे!" बैलबी त्याच ठेक्यावर पाय उचलायचे. सोनाजीच्या हाती कासरा आला तवापासून ते असंच.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मालकांनी चावडीवर तिरंगा झेंडा लावला अन् दडून बसले. कुठं, ते एकट्या सोनाजीला ठावं. मला सांगितलं न्हवतं. बाईच्या पोटात ऱ्हात न्हाई म्हणं! मग निजामाचे बंदुकवाले घोड्यावर आले अन् सोनाजीला विहिरीवरून उचलून नेलं. संध्याकाळी परत आला तो डोकं फुटलेला, तोंडातून शब्द न्हाई. मालक आलेच न्हाईत.

पावसाळा सरला, निजामाचं राज गेलं, हद्दीपल्याड पळालेले लोक घरला आले. आमचे न्हाई. "शकुबाई, कुंकू कुणाच्या नावाचं लावतीस?" शेजारची मंजुळाबाई तोंडावर इचारायची. काय सांगू तिला? पुसावं तर जित्या नवऱ्याचं पुसल्याचं पाप, ठेवावं तर लोक हसायला मोकळे. काय झालं ते एकट्या सोनाजीला ठावं, अन् तो नुसता टकामका बघून राहिला.

वसमतच्या राधाकृष्ण डॉक्टरकडं नेलं. भला माणूस. म्हणाला, "बाई, डोक्यात बारीक बारीक पेशी असतात, अगणित. एकट्या पेशीला काही आठवत नाही. त्यांचे गट एका ठेक्यात चालले की आठवण जुळते, शब्द येतो. याचा ठेका मोडलाय. शोध अजून चालू आहेत, औषध माझ्याकडे नाही."

"ठेका बाहेरून दिला तर?" मी इचारलं.

"करून बघा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या मोटेवर गेले. बाईनं मोट हाकायची! सारं गाव बांधावर जमून हसून राहिलं. हसा मेल्यांनो, म्हणलं. सोनाजीचे हात काम इसरले न्हवते, मोट तो मुक्यानं हाकायचाच. पण माझे बैल ऐकंनात. त्याची वर अन् माझीबी वर. गाव कंटाळून घरी गेलं. उन्हं कलली तवा जमलं एकदाचं. त्याची वर, माझी खाली. पाट सलग वाहू लागला.

अन् सोनाजी गायला लागला, माय! "भरली रं दादा, भरली!" मला रडूच फुटलं. रडत रडत वरडले, "येऊ दे!"

परत त्याची मोट वर आली. त्याच चालीवर गळ्यातून निघालं, "गंजीत हाय रं, कडब्याच्या गंजीत!"

तोंडाला सवय लागलेली. मी म्हणून गेले, "येऊ दे!"

"म्याच सांगितलं रं, म्याच! मारू नका!" मोट वर, मोट खाली. "नदीला नेला रं दादा, गोळी घातली!"

माझ्या हातचा कासरा सुटला. माझे बैल थांबले तसा सोनाजीबी थांबला. माझ्याकडं बघून हसला अन् पोटावर हात ठेवून भाकर मागितली. आपण काय बोललो, त्याचं त्याला कायबी ठावं न्हवतं.

भाकर दिली. कुंकू पुसलं. मालक गेले, एवढंच गावाला सांगितलं. बाकीचं माझ्या पोटात ऱ्हायलं, बाईच्या पोटात.

आता रोज सकाळी तो कासरा खांद्यावर घेऊन दारात उभा ऱ्हातो. विहिरीकडं बोट करतो, हात जोडतो. साऱ्या जगात त्याला बोलता येतं ती तेवढीच जागा. मी जात न्हाई. मार खाऊन सांगितलं त्यानं, हे काय मला कळत न्हाई? कळतं. तरी जात न्हाई. त्याला जेवायला वाढते, डोक्याला तेल लावते, अन् दुसरी मोट मी कोयत्यानं फाडून टाकली हाय.