सरळ देवाच्या राज्यात

"ह्या दोघींना घाला दारूच्या खोलीत. ह्यांचं तारण झालंय. उडाल्या तरी सरळ देवाच्या राज्यात."

मुकादम असं बोलला आणि कारखान्याच्या अंगणातल्या बाया हसल्या. काही पदर तोंडाला लावून, काही उघड. मी आणि माझी सासू मधोमध उभ्या. चैत्राचं ऊन डोक्यावर.

तेरखेड्याच्या बाहेर माळावर तो फटाक्याचा कारखाना. पत्र्याच्या खोल्या, एकमेकींपासून लांब बांधलेल्या. वरच्या आळीच्या बाया लिंबाखाली बसून बॉम्बला सुतळी गुंडाळायच्या. फटाक्याची दारू कालवायची खोली सगळ्यांत लांब, माळाच्या टोकाला. ती उडाली तर बाकीच्या वाचाव्यात म्हणून. तिथं कायम मांगवाड्यातलीच माणसं. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणी विचारत नव्हतं. पण त्यावर हसणं मात्र नवीन होतं.

मांगवाड्यातली आमची मोजकी घरं प्रभूत आलेली, म्हणजे ख्रिस्ती झालेली. सगळ्यांत आधी आत्याबाई, म्हणजे माझी सासू. त्यांचा धाकटा मुलगा तापानं गेला तेव्हा त्या वेड्यासारख्या फिरायच्या. जवळच्या वाशीच्या बाजारात एका बाईनं त्यांना हाताला धरून प्रार्थनेला नेलं. तिथं एक मास्तरीणबाई सरकून त्यांच्या अंगाला अंग लावून बसली. आत्याबाई मला सांगायच्या, "पोरी, येशू मला मागून कळला. आधी ती बसायची जागा कळली."

त्या दिवशी आम्ही आत गेलो. गंधक, सोरा, आणि चांदी म्हणतात ती अ‍ॅल्युमिनियमची पूड. हात हलका ठेवायचा. एक खडा घासला की संपलं. ओल लागली तरी ती दारू आतल्या आत तापते. म्हणजे रडायचीही सोय नाही. बाहेरून हसू ऐकू येत होतं आणि मी डोळे कोरडे ठेवून हात चालवत होते.

मग ते रोजचंच झालं. आम्ही दिसलो की कुणीतरी म्हणायचंच, आल्या बघा देवाच्या राज्यातल्या.

रविवारी मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते प्रार्थना घ्यायला कळंबहून मोटारसायकलवर यायचे. आमची प्रार्थनेची खोली कारखान्याच्या मालकानं दिलेल्या जागेवर उभी होती, नाताळात मालक पुढच्या खुर्चीवर बसायचा. पाळकसाहेब म्हणाले, सोसा. ही दुनिया चार दिवसांची. इथं जो सोसतो त्याला तिथं मुकुट मिळतो. मी मान हलवली. आत्याबाईंनी हलवली नाही.

वैशाखात वारं सुटलं. पत्रे दिवसभर वाजायचे. एका दुपारी आत्याबाईंनी मुकादमाला सांगितलं की आज पत्रा लई तापलाय, धूळ आत येतीय, आज कालवायला नको. मुकादम म्हणाला, लग्नसराईचा माल थांबत नाही. मला त्यानं कागदाच्या नळ्या वाळत घालायला अंगणात पाठवलं. आत्याबाई एकट्या आत गेल्या.

आधी आवाज आला नाही. आधी पायाखालची जमीन हलली. मग आभाळात पत्रा दिसला. फिरत होता, सावकाश.

लुगड्याच्या काठावरून ओळख पटली.

ओढ्याकाठी माती दिली. मालक आला होता, मुकादम आला होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आमची बहीण आज सरळ देवाच्या राज्यात गेली."

मुकादम हसून बोलला होता, पाळकसाहेब रडवेल्या आवाजात बोलले. वाक्य तेच. शब्द तेच. त्या वाक्याची किती सोय होती ह्या लोकांना. माणूस मेलं की हिशेब मिटला.

आणि आत्याबाईंना तर ते राज्य जित्तेपणी सापडलं होतं. जमिनीवर, एका सतरंजीवर, कुणीतरी शेजारी सरकून बसलं तेव्हा. तारण म्हणजे त्यांना तेवढंच कळलं होतं. तेवढंच खरं होतं.

मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून विचारलं, "पाळकसाहेब, तुझं राज्य येवो, आसं आपुन रोज प्रार्थनेत म्हणतो. येवो म्हणतो. आमाला घिऊन जा म्हणत न्हाय. मग ते कुठं यायचंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मालकाकडं बघितलं. म्हणाले, ही वेळ नव्हे.

महिना झाला नाही तोवर त्याच जागी नवा पत्रा उभा राहिला. मुकादमाचा निरोप आला, कामावर ये. मी गेले. नव्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. सगळ्यांदेखत सांगितलं, "म्या आत जानार न्हाय. दुसऱ्या कुनाला बी जाऊ देनार न्हाय."

मुकादम जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुझा नवरा हितंच टेम्पो चालवतो. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

लिंबाखाली कुणी हसलं नाही. पण कुणी उठून माझ्याजवळही आलं नाही.

नवऱ्याचं काम गेलं. प्रार्थनेच्या खोलीला आमच्यासाठी कुलूप लागलं. पाळकसाहेबांचा निरोप आला, थोडे दिवस येऊ नका. रोज दिवेलागणीला मुकादमाची दोन माणसं मोटारसायकलवर येतात, आमच्या दारापुढं थांबतात. गाडी बंद करत नाहीत. जातात.

आता त्या खोलीसाठी कर्नाटकाच्या शिवेवरून बाया आणल्यात. त्यांना इथलं काही ठाऊक नाही. मला थोडंफार कानडी येतं, माझं माहेर तिकडचं. काल कारखान्याच्या वाटेवर त्यांच्यातल्या एकीला मी सगळं सांगितलं. आधी काय उडालं, कोण होतं आत. तिनं मुकादमाकडं बघितलं आणि पाटी खाली ठेवली.

मुकादमानं ते पाहिलंय. आज मोटारसायकल सकाळीच येऊन उभी आहे.

मी दार उघडून बाहेर आले. कारखान्याची वाट त्या गाडीच्या शेजारूनच जाते. मी त्याच वाटेनं जाणार आहे, आणि दारूच्या खोलीच्या दारात बसणार आहे.