बिनसुईची मशीन

काल अड्याळच्या बाजारात शिंप्याच्या दुकानात मशीनच्या तेलाचा वास आला आणि आमच्या पुनर्वसनाच्या गावातलं ते तापलेलं समाजमंदिर आठवलं. धरणाच्या पाण्यात शेती गेली होती, म्हणून सरकार आम्हा बायकांना शिवणकाम शिकवणार होतं. पत्र्याखाली नव्याकोऱ्या मशिनी ओळीनं मांडल्या होत्या. माझी मोठी जाऊ विधवा. पोरीच्या शाळेच्या स्कर्टसाठी निळं कापड ती पिशवीत घालून घेऊन आली होती. साहेब आले, त्यांनी आम्हाला मशिनींवर बसवलं. जावेनं वाकून पाहिलं आणि ती म्हणाली, "सायेब, हिले तं सुईच नाही." "सुया नंतर येतील. तुम्ही पाय हलवत राहा आणि इकडे बघा," साहेब म्हणाले. आम्ही पाय हलवले, चाकं नुसतीच गरगरली, फोटो निघाले. आमचा चहा संपायच्या आत मशिनी टेम्पोत चढल्या, कारण पुढच्या गावातही फोटो काढायचे होते. "मंग आमी शिकू कवा?" जावेनं टेम्पोवाल्यालाच विचारलं. त्यानं टेम्पो सुरू केला. त्याच हिवाळ्यात ती मिरची तोडायला तेलंगणात गेली, पोरीलाही शाळेतून काढून सोबत घेऊन गेली. पोर पुन्हा शाळेत बसलीच नाही. जाताना तिनं माझ्याकडे ठेवलेलं ते निळं कापड पेटीत पडून राहिलं; काल त्याचाच उशीचा अभ्रा शिवायला दिला. शिंपी शिवत होता आणि इकडे माझा पाय आपोआप वरखाली होत होता. ते पाहून तो म्हणाला, "बाई, तुमालेबी मशीन येते वाटते?" मी म्हटलं, "येते, फोटोपुरती."