टोपलीला हात

गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारात एका बाईला मोहफुलांनी भरलेली टोपली डोक्यावर घ्यायची होती. मी पुढे झाले, तर तिनं मला थांबवून लांब उभ्या असलेल्या एका माणसाला हाक मारली, "हात लाव गा!" तो आला, टोपली चढवून निघून गेला.

"तुमचा कोण?"

"बंदूकवाल्यांत होता. माझ्या नवऱ्याला यानंच मारलं. मग शरण आला, सरकारनं सोडलं."

"आणि तुम्ही माफ केलंत?"

"माफ कुठं केलं? म्हणून तर दर बाजारी यालाच बोलावते."

शिक्षा म्हटलं की मला गज आणि दोर एवढंच सुचायचं. टोपली चढवताना दोघांना समोरासमोर उभं राहावं लागतं, एकमेकांचा श्वास जाणवेल इतकं जवळ. नजर लपवायला जागाच उरत नाही.